कुणी पुढे वाचायचं नाही

मंडळाच्या ग्रुपवर मंदानं मला विचारलंय, प्रभाताई, तुमच्याकडे तो छोटा ई-रीडर आहे ना, बोटानं पानं उलटायचा, स्वस्तातला? आईसाठी मागवावा म्हणतेय, फायदे-तोटे जरा सविस्तर सांगाल का? ती इथे कुवेतला, महबूल्यात, नुकतीच राहायला आलीय. आमच्या घरी काय झालं ते तिला कुणी सांगितलं नसणार, तिचा काही दोष नाही.

पण सविस्तर सांगायचं म्हणजे हल्ली जिवावर येतं माझ्या. सलव्याच्या एका दातांच्या दवाखान्यात मी विम्याची कामं बघते. कवळी विम्यात बसत नाही हे दिवसभर पेशंटला समजावायचं आणि दाढ खरंच किडली होती हे विमेवाल्यांना समजावायचं. संध्याकाळी गाडी हाकत सबाह अल-सालेमला घरी पोचेपर्यंत माझाच जबडा ठणकायला लागतो. तरी उत्तर द्यायला हवं, नाहीतर म्हणेल, शिष्टच आहे बाई.

तर फायदे. वजनाला हलका. एरवी ज्याच्या हातात पाण्याचा पेला ठरत नाही, त्याच्या हातातही राहतो. एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे बघायला नको. मोबाइलसारखा डोळ्यांत घुसत नाही, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. आणि ओल्या फडक्यानं पुसता येतो. हा फायदा जाहिरातीत कुणी लिहीत नाही, पण आम्ही घेतला तो त्याच्यासाठीच.

तोटे म्हणाल तर मंद आहे. बोट लावलं की विचार करत बसतो, आपण वैतागून पुन्हा बोट लावलं की दोन पानं एकदम उलटतो. बोट जरा दाबून राहिलं की अख्खं प्रकरण ओलांडून पुढे, डाव्या कडेला दाबलं तर मागे. दिवा नाही, त्यामुळे अंधारात काही दिसत नाही. आणि चालू-बंद करायचं बटण खालच्या कडेला, धरताना नेमका अंगठा येतो तिथे. ज्यानं ते तिथे बसवलं त्यानं जन्मात कधी आडवं पडून पुस्तक वाचलेलं नसणार. आणखीही एक तोटा आहे, पण तो मंदाला दोन ओळींत सांगता येण्यासारखा नाही.

तो रीडर माझ्या यजमानांचा, सदानंदांचा. तोंडावर मी त्यांना जन्मभर ‘अहो’च म्हटलं. नाव घ्यायची सवय लागली ती ते गेल्यावर. इथे प्रत्येक काउंटरवर विचारतात, नाव सांगा, मोठ्यानं सांगा. सांगून सांगून जीभ सरावली.

आम्ही कुवेतला आलो त्या पहिल्या वर्षी बॅगेतून एकच मराठी पुस्तक आलं. बाकीची जागा कोकम, मेतकूट आणि प्रेशर कुकरनं खाल्ली होती. पुस्तक एक आणि वाचणारे दोन, दोघंही हावरट. मी भाजी टाकायला उठले की हे पुस्तक उचलायचे, हे आंघोळीला गेले की मी. खुणेच्या चिठ्ठ्या इकडच्या तिकडे व्हायच्या आणि भांडणं व्हायची. शेवटी यांनीच तोडगा काढला. संध्याकाळी मी भाजी निवडायची आणि यांनी मोठ्यानं वाचायचं. अट एकच, कुणी पुढे वाचायचं नाही.

तेव्हापासून आमच्या घरी हेच. हे दिवसभर एका ट्रेडिंग कंपनीचे हिशेब बघून यायचे, चहा प्यायचे, तोही मी केलेला, आणि चष्मा पुसून बसायचे. माझ्यासमोर गवार नाहीतर मेथी. आर्या, आमची मुलगी, तीही याच आवाजावर वाढली. उत्तरं सगळी इंग्रजीत द्यायची, पण म्हाताऱ्याचा आवाज काढा, चोराचा काढा असं बाबांना तिनंच शिकवलं.

अट एकदा मोडली होती, यांनीच. मला न्यायला आले होते, मला उशीर झाला, तर हे दवाखान्याखाली गाडीत एसी लावून बसले आणि पुस्तक होतं सोबत. त्या संध्याकाळी वाचता वाचता गोष्टीत मेला समजलेला माणूस दारात उभा राहिला आणि यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. दुधाचा हिशेब वाचावा तसं वाचलं. मी विळी बाजूला केली आणि म्हटलं, पुढे वाचलंत ना? आधी नाही म्हणाले, मग चष्मा काढला. दोन दिवस मी बोलले नाही. हसाल तुम्ही, एवढ्याशा गोष्टीवरून! पण परक्या मुलखात दिवसभर राबून आल्यावर आमच्या दोघांचं म्हणून तेवढंच होतं, आणि त्यातही हे मला मागे टाकून गेले याचा मला संताप आला होता. पुन्हा तसं करणार नाही म्हणून त्यांनी आर्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. त्यानंतर माझा विश्वास होता, पण कान मात्र उघडे असायचे.

गेल्या वर्षी यांना रक्ताचा कॅन्सर निघाला. उपचारासाठी वेगळ्या खोलीत ठेवलं, काचेच्या पलीकडे. आत जाऊ द्यायचे नाहीत, फुलं नाहीत, घरचा डबा नाही. मी पुस्तकांची पिशवी घेऊन गेले तर तिथली सिस्टर दारातच आडवी आली. विनिता तिचं नाव, परभणीची. मावशी, रागावू नका, पण कागद पुसता येत नाही, म्हणाली. जुन्या पुस्तकात बुरशी असते, काकांना ती झेपायची नाही. जे पुसता येतं तेवढंच आत.

मग आर्यानं हा रीडर मागवला, होता त्यातला सगळ्यात लहान, आणि त्यात एक जाडजूड मराठी कादंबरी भरून दिली. हे त्याला पाटी म्हणायचे. संध्याकाळी फोन लावायचे, मी तो स्पीकरवर ठेवून ओट्यापाशी बसायची, समोर भाजी. आमचं घर काही तुटलं नव्हतं तोवर. फक्त मधेच म्हणायचे, थांब प्रभा, पाटीनं पान खाल्लं. एकदा अंगठा दाबून राहिला तर भलत्याच प्रकरणात जाऊन पडले. मग त्यांनी डोळे किलकिले करून नुसता प्रकरणाचा आकडा सांगायचा आणि मी फोनवरून सांगत राहिले, मागे चला, अजून मागे, म्हणजे चुकूनसुद्धा पुढचं काही दिसू नये.

कादंबरी अशी होती. एक मुलगा बापाशी भांडून घर सोडून जातो. बाप मेल्यावर त्याची थोरली बहीण, आता तिचेही केस पिकलेले, त्याला शोधायला बाहेर पडते. आम्ही पैज लावली. हे म्हणाले, सापडणार. मी म्हटलं, काही सापडत नाही, ज्याला यायचं असतं तो इतकी वर्षं थांबत नाही. हरेल त्यानं महिनाभर संध्याकाळचा चहा करायचा. यांनी सबंध संसारात चहा केला असेल मोजून दोन-तीनदा. मी म्हटलं, घरी या, आधी चहापत्ती कुठे असते ते दाखवते. हसले. हसताना खोकला यायचा, मग थांबायचे.

आवाज बारीक होत गेला. पानं कमी होत गेली. शेवटच्या संध्याकाळी बहीण एका अनोळखी गावच्या स्टँडवर उतरते, चहाच्या गाड्यावरच्या माणसापुढे भावाचा जुना फोटो धरते. तो माणूस हात पुसतो आणि फोटो हातात घेतो. तिथे हे थांबले. म्हणाले, ‘बाकीचं उद्या गं.’

उद्या फोन आला नाही. विनितानं कळवलं, काकांना बोलवत नाही. मी धावत गेले, काचेतून पाहिलं. डोळे मिटलेले, पाटी छातीवर, तिच्यावर हात. मी काचेवर टकटक केली नाही, म्हटलं, झोपू दे. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

विनितानं त्यांच्या वस्तू माझ्या हातात दिल्या. घड्याळ, चष्मा, जपमाळ आणि पाटी, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, सगळ्याला स्पिरिटचा वास. ती पिशवी मी कपाटात टाकली. मग त्यांना घेऊन रत्नागिरीला गेलो, तिथलं सगळं उरकलं आणि परत आलो. परत यायला नको होतं, पण रजा संपली होती, आर्याची बँकेतली नोकरीही होती. दवाखान्यात पहिल्याच दिवशी एक बाई माझ्याशी कवळीवरून भांडली. मला बरं वाटलं.

एका शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, दुपारी मी पिशवी उघडली. मनात होतं की स्टँडवरचं ते पान बघावं. वाचायचं नाही, नुसतं बघायचं, शेवटी त्यांचं बोट जिथे होतं ते. बटण दाबलं. बॅटरी अजून होती. आणि समोर आलं ते शेवटचं प्रकरण. पहिलीच ओळ, दार भावानंच उघडलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच कपाटापाशी उभी राहिले. म्हणजे वाचलं यांनी. मला म्हणाले बाकीचं उद्या, आणि ते दोन दिवस, जेव्हा माझ्याशी एक शब्द बोलवत नव्हता, तेव्हा पाटी घेऊन एकटेच पुढे वाचत बसले. वाचायला काय, आवाज लागत नाही. आणि पैज जिंकल्याचं कळलं तरी फोन नाही, निरोप नाही. नुसतं विनिताकरवी सांगितलं असतं, प्रभाला म्हणावं, चहा कर, तरी मला पुरलं असतं.

राग असा आला की मी ते प्रकरण तिथेच उभ्यानं वाचून काढलं. शेवटपर्यंत. मधली प्रकरणं सोडून. भाऊ रडतो, बहीण त्याला रागावते, मग दोघं जेवायला बसतात. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. वाचून झाल्यावर पाटी परत पिशवीत कोंबली आणि म्हटलं, फिटलं.

त्यानंतर फोटोसमोर दिवा आर्याच लावायची. मी भाजी निवडायची तीसुद्धा उभ्यानं, नाहीतर खालच्या बकाल्यातून, वाण्याच्या दुकानातून, निवडलेली आणायची. आर्यानं एकदा विचारलं, ‘आई, आर यू अँग्री विथ बाबा?’ मी म्हटलं, मेलेल्या माणसावर कुणी रागावतं का. पण रागावले होते. लोक भेटायला यायचे, माझ्याकडे बघून म्हणायचे किती धीराची आहे. धीर कसला, माझा पारा चढलेला होता. कधी स्वतःची समजूत घालायची, की मरणाच्या दारात माणसाला शेवट कळावासा वाटला असेल, वाटू दे. ते पटायचं आणि तरी राग जायचा नाही. इतक्या वर्षांत एकत्र केलेलं एवढंच एक काम, ते त्यांनी शेवटी एकट्यानं संपवलं, हेच मनात घोळत राहायचं. फार थकले मी त्या रागानं. सकाळी उठतानाच थकलेली असायची.

परवा विनिता घरी आली. ड्युटी नव्हती, माहेराहून आलेली तिळाची चटणी घेऊन आली. पोरगी चांगली आहे, पण तिच्याकडे बघवत नव्हतं मला. यांच्या शेवटच्या दिवसांचं तिला सगळं ठाऊक आणि मला काही नाही. तरी तिला विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. काय विचारणार, माझा नवरा माझ्या नकळत कादंबरी वाचत होता का?

चहा झाला. ती निघाली तशी मी आतून पाटी आणली आणि तिच्या हातात दिली. म्हटलं, तुझ्या वॉर्डात कुणी मराठी पेशंट असेल त्याला दे, मला नको आता. ती म्हणाली, मावशी, काकांची आठवण आहे, असू द्या. मी म्हटलं, ने म्हणते ना. जरा जोरातच म्हटलं.

तिनं पाटी घेतली. खुर्चीवर पर्स ठेवली, पर्समधून स्पिरिटचा वाइप काढला आणि पाटी पुसायला लागली. तिच्या ते लक्षातही नव्हतं. आमच्या दवाखान्यातल्या मुलीसुद्धा अशाच, घरचे चमचे पुसतात. डाव्या हातात पाटी, अंगठा खालच्या कडेला, उजव्या हातानं वरून खाली, खालून वर. अंगठा बटणावर दाबला गेला आणि पाटी जागी झाली. ओला वाइप फिरत होता तसतशी पानं मागेपुढे उलटत होती. डाव्या कोपऱ्यात पेनाची शाई लागली होती, ती जायला तिनं जरा जोर दिला, वाइप एका जागी दाबून धरला, तर एक अख्खं प्रकरण मागे गेलं. मग दुसरं. माझ्या डोळ्यांसमोर.

‘थांब,’ मी म्हटलं.

ती दचकली. मी तिला खाली बसवलं आणि विचारलं, त्या दिवशी वस्तू मला दिल्यास, त्याआधी ही पुसली होतीस का? ती म्हणाली, पुसणारच ना मावशी, त्या खोलीतून काहीच पुसल्याशिवाय बाहेर येत नाही, तीनदा पुसावं लागतं. मग मी विचारलं, रोज पुसायचीस तेव्हा पानं नाही हलायची? ती म्हणाली, रोज काका स्वतः बटण बंद करून द्यायचे आणि बजावायचे, अंगठा कडेला लावू नको, माझी जागा हलेल. त्या दिवशी बजावायला कोणी नव्हतं.

आता मला विचारल्याशिवाय राहवेना. ‘शेवटचे दोन दिवस ते वाचत होते का गं?’

विनितानं पाटी मांडीवर ठेवली. ‘कुठलं मावशी. डोळे उघडत नव्हते त्यांचे. नुसती धरून होते. मला वाईट वाटलं, मी म्हटलं, काका, मी वाचून दाखवू का थोडं? तर मान हलवली. कसेबसे पुटपुटले, नको, प्रभाचं राहिलंय.’

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. विनिता म्हणते, मी आधी हसले. मग पदर तोंडात कोंबून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. ती बिचारी मागून म्हणत होती, माझं काही चुकलं का मावशी, माझ्यामुळे पान हरवलं का. मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही बाई, तू तुझं काम केलंस. पाटी मात्र परत घेतली तिच्याकडून. ती गेल्यावर दार लावलं आणि दाराला टेकून बसले.

ते नव्हते गेले पुढे. शपथ पाळली होती त्यांनी, डोळे उघडत नसतानाही पाळली होती. पुढे वाचलं ते मी. नुसतं वाचलं नाही, मधलं सगळं टाकून, उभ्यानं, सूड उगवल्यासारखं वाचलं. त्या शुक्रवारनंतर मी त्यांना मनात काय काय बोलले, ते एकेक आठवत गेलं. पैज ते जिंकले होते आणि जिंकल्याचं त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

आर्या बँकेतून आली तेव्हा मी जमिनीवरच होते. तिनं हात धरून उठवलं, पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं, अगदी बटणापासून. तिनं पाटी उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, ‘मग वाच ना आता त्यांना.’

पाटीवर मागे जायलाही वेळ लागतो. एकेक पान, मधेच दोन. स्टँड सापडायला चहा निवून गेला. चहा मी दोन कप केला होता, पैज हरल्यावर करायलाच हवा. बकाल्यातून गवार आणून ठेवली होती, न निवडलेली, ती आर्याच्या पुढ्यात दिली. ती शेंगा मोडत बसली, चुकीच्या मोडत होती, मी मोडू दिल्या. चष्मा पुसला आणि चहाच्या गाड्यापासून वाचायला घेतलं, मोठ्यानं. मी कधी मोठ्यानं वाचलेलं नाही. पहिल्या पानात तीनदा अडखळले.

आता रोज वाचते, दवाखान्यातून आल्यावर, जमेल तेवढं. मंदाला मी एवढंच कळवलं, घे, आईला चालेल, फक्त पुसायच्या आधी बटण बंद करत जा. भाऊ अजून सापडलेला नाही, बहीण दुसऱ्याच गावात जाऊन पोचली आहे. शेवट मला माहीत आहे, पण तो आवाजात उतरू देत नाही, यांच्या लगेच लक्षात येईल.